सभा किती वाजता?



व्याख्यानमालेचे चिटणीस आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी विषय सुचविला होता 'कामगार चळवळीपुढील प्रश्न'. विषय चांगला आहे आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही म्हटले, आम्हांला सभेविषयी बोलू द्या. सभेत काय बोलावे याविषयी नव्हे, तर सभा कोणत्या दिवशी आणि किती वाजता भरवावी याविषयी. चिटणीस जरा हसले. हा गृहस्थ तासभर घड्याळावर काय बोलणार, असे त्यांच्या मनात आले असावे. तरीही त्यांनी परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे कारखान्याच्या फाटकावर, विरार लोकलमध्ये आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. गेल्या तीस वर्षांत आम्ही किती सभा भरविल्या याचा हिशोब ठेवलेला नाही. परंतु ज्या फसल्या त्यांची एक वही मात्र आमच्यापाशी आहे. आज त्या वहीतूनच बोलणार आहोत.

प्रारंभ आजच्या सभेपासून करू. तुमच्या कार्डावर 'सायंकाळी ठीक साडेसहा वाजता' असे छापलेले आहे. आता समोर पाहा. पुढच्या रांगांत सेवानिवृत्त मंडळी आहेत, शाळेला सुट्टी लागलेले शिक्षक आहेत, गावातले दुकानदार आहेत, आणि मागे काही विद्यार्थी. यांतील प्रत्येकाचे आम्हांला अगत्य आहे. परंतु सहा वाजता चर्चगेटला ऑफिसातून सुटलेला मनुष्य या क्षणी बोरिवलीच्या आसपास एका पायावर उभा असेल. त्याला हे व्याख्यान ऐकायचे नव्हते असे कोणी म्हणू शकेल काय? व्यवस्थापकांचा यात दोष नाही. साडेआठला सुरुवात केली तर वृद्ध माणसांना अंधारात परतावे लागते, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून हा उन्हाळ्यातील संध्याकाळचा प्रघात आपल्याकडे रूढ झाला. ज्यांना मे महिन्यात सुट्टी असते अशा लोकांना तो सोयीचा आहे. आमचे म्हणणे इतकेच की वेळ ठरली त्याच क्षणी श्रोतेही ठरले. वक्त्याचे नाव त्यानंतर येते.

हे आम्हांला कोणी पुस्तकातून शिकविले नाही. ते शिकण्यासाठी दुसऱ्यांना किंमत मोजावी लागली, म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वसई पूर्वेला एका कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे आणि मालकाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक आमची होती. पगारवाढीची बोलणी मोडली होती आणि संप करावा की करू नये याचा निर्णय सर्वसाधारण सभेत व्हावयाचा होता. आता वसईच्या औद्योगिक भागात बऱ्याच गाळ्यांना शुक्रवारी सुट्टी असते हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. विजेचा सगळा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांतील कारखान्यांना निरनिराळ्या वारी सुट्टी देण्याची पद्धत आपल्या राज्यात पडली. विजेच्या तारांवर किती ताण पडेल याचा विचार करणारे खाते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तर आम्ही शुक्रवार धरला. कामगारांना सुट्टी, आम्हांलाही मोकळीक. वेळ ठेवली दुपारी दीडची, म्हणजे सकाळची कामे उरकून लोक येतील आणि संध्याकाळपूर्वी मोकळे होतील. एक सभागृहही स्वस्तात मिळाले. तो शुक्रवार गुड फ्रायडे होता, आणि ते पाहून आम्हांला उलट आनंदच झाला, की बाकीच्या कचेऱ्याही बंद, तेव्हा कोणी दुसऱ्या कामाची सबब सांगणार नाही!

बंधुभगिनींनो, तुम्ही वसईकर आहात, तेव्हा पुढचे तुम्हीच सांगाल. त्या कारखान्यात यंत्रशाळेत बहुतेक ख्रिस्ती कामगार होते, गिरीज, भुईगाव, नंदाखालकडचे. गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या सुमारास चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाची उपासना असते. वर्षभर चर्चकडे न फिरकणारा मनुष्यसुद्धा त्या दिवशी तेथे उभा असतो. रंगखात्यात वीस-बावीस मुसलमान कामगार होते. दीडची वेळ म्हणजे नेमकी जुम्म्याच्या नमाजाची. बांधणीखात्यात बायका होत्या. त्यांच्या चाळींना त्या काळी एक दिवसाआड पाणी येई, आणि त्यांचा पाण्याचा वार शुक्रवारच होता. म्हणजे आम्ही जिला रिकामा दिवस समजत होतो त्या सुट्टीत प्रत्येकाचे काहीतरी आधीच ठरलेले होते. रिकामा दिवस होता तो आमचा, आणि खोल्यांतून एकटे राहणाऱ्या तरुण पोरांचा.

सभा उत्साहात झाली. तरुण मंडळी भरपूर आली होती, घोषणा झाल्या, एकमताने संपाचा ठराव झाला. 'एकमताने' हा शब्द आम्ही स्वतः इतिवृत्तात लिहिला. हजर किती आणि एकूण किती हे त्या इतिवृत्तात नाही. वही काढून पाहिली की ती ओळ अजून डोळ्यांना टोचते.

संप एकोणीस दिवस चालला. नवव्या-दहाव्या दिवसापासून यंत्रशाळेतले लोक आत जाऊ लागले, मागोमाग रंगखाते, मागोमाग बायका. आम्ही फाटकावर उभे राहून त्यांना फितूर म्हटले. आणखीही काही शब्द वापरले, ते या व्यासपीठावरून उच्चारता येणार नाहीत. एका संध्याकाळी यंत्रशाळेतला एक जुना फिटर, आमच्या वडिलांच्या वयाचा, फाटकाबाहेर येऊन आमच्याजवळ उभा राहिला. आम्ही त्यांना अंकल म्हणत असू. ते म्हणाले, "लीडर, राग मानू नका. तुम्ही आम्हांला फितूर म्हणता. पण फितूर व्हायला आधी बरोबर असावं लागतं. आम्हांला बोलावलंत कधी? आमच्या आळीत सगळे म्हणतात, ही सभा गुड फ्रायडेला तीन वाजता ठेवली ती आम्ही येऊ नये म्हणूनच."

आम्ही शपथेवर सांगू लागलो की असे मनातही नव्हते. ते म्हणाले, "मनात नव्हतं हे मला ठाऊक आहे. आम्हीच तुमच्या मनात नव्हतो."

संप मोडला. अकरा जणांना कामावर परत घेतले नाही. ते अकराही जण त्या सभेला हजर होते आणि त्यांनी हात वर केले होते. त्यांतील दोघे पुढे वसई सोडून गेले. सगळाच दोष सभेच्या वेळेला देता येणार नाही; मालक खंबीर होता, आमचा निधी अपुरा होता. पण ज्यांना विचारले गेले नाही ते लोक एखाद्या निर्णयाला बांधलेले राहत नाहीत, आणि 'तुम्हांला सभेची नोटीस लावली होती' हे उत्तर त्यांच्यापुढे टिकत नाही, एवढे आम्ही त्या एकोणीस दिवसांत समजून घेतले.

पुढे वाचनालयात बसून कामगार चळवळीचा जुना इतिहास वाचू लागलो, तेव्हा असे ध्यानात आले की आमच्या चळवळीचा पहिला मोठा लढाच मुळी दिवस आणि वेळ यांसाठी झाला. नारायण मेघाजी लोखंडे ठाण्याचे. 'दीनबंधु' पत्राचे ते संपादक होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातल्या मागण्या पाहा. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला गिरणी सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला बंद व्हावी. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. या साऱ्या मागण्या घड्याळाच्या आणि पंचांगाच्या आहेत. तोवर रविवार नावालाच असे; यंत्रे साफ करण्यासाठी कामगाराला त्याही दिवशी गिरणीत जावे लागे. म्हणजे सुट्टी मागण्यासाठी सभा भरवायची, आणि सभेला यायला सुट्टीच नाही, असा पेच. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगार तेथे बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का, असा प्रश्न कोणी विचारील. साहेबाचा तो प्रार्थनेचा दिवस, हे एक कारण उघडच आहे. पण लोखंडे यांनी रविवार हा खंडोबाचाही वार आहे असे मांडले असे सांगतात, आणि त्यात त्यांची समज दिसते. जेजुरीला नवस बोललेल्या घाटावरच्या कामगाराला तो दिवस आपला वाटला पाहिजे. दुसऱ्याची सुट्टी आपल्याला भीक म्हणून मिळाली असे वाटता कामा नये.

घड्याळाचीही अशीच एक कथा आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशभर एकच प्रमाण वेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे पुढे होती. ऑफिसातल्या माणसाला काटा पुढे केला की काम झाले. गिरणी कामगार सूर्य पाहून उठणारा. त्याला जानेवारीच्या थंडीत एकोणचाळीस मिनिटे आधी अंधारातून चालावे लागणार होते. गिरण्यांतून निषेध झाला, नगरपालिकेनेही आपली घड्याळे जुन्याच वेळेवर ठेवली, आणि मुंबईत दोन वेळा कितीतरी वर्षे शेजारीशेजारी नांदल्या. आमचे आजोबा म्हातारपणीही 'मुंबई टाइम की रेल्वे टाइम?' असे विचारीत. आम्हांला लहानपणी त्याचे हसू येई.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. आमच्या मते या वसई-विरारमध्ये दोन नव्हे, चार-पाच वेळा नांदत आहेत, आणि सभा भरविणाऱ्याला त्या सगळ्या वाचता आल्या पाहिजेत.

पहिली रेल्वेची. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली, दिवसाला एक. आज किती सुटतात हे सांगायला नको, आणि त्यांत उभे कसे राहतात हेही सांगायला नको. या वेळेविषयी आपण सगळेच बोलतो, म्हणून आम्ही ती सोडून देतो.

परंतु त्याच फलाटावर दिवस उजाडण्याच्या पुष्कळ आधी दुसरी माणसे उभी असतात. वाडीतल्या भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराला जाणाऱ्या बायका. त्यांचा दिवस रात्री दोन-अडीचला सुरू होतो. दुपारी परत येऊन वाडीचे काम, आणि संध्याकाळी सात वाजता जेवून आडव्या. तुम्ही 'सर्वांना सोयीची' म्हणून रात्री नऊची वेळ ठेवता तेव्हा त्यांची ती मध्यरात्र असते. पाणीपट्टीवर, वाडीतून जाणाऱ्या रस्त्यावर, जमिनीच्या आरक्षणावर सभा होतात. जमीन त्यांची असते आणि त्या झोपलेल्या असतात. सकाळी त्यांना कळते की विषय मंजूर झाला.

आणि कोळ्यांची वेळ तर घड्याळात नाहीच. हे आम्हांला पाचूबंदरच्या एका तांडेलाने शिकविले. मासळी वाहतुकीच्या दराबाबत सभा घ्यायची होती. आम्ही पौर्णिमेची संध्याकाळ सुचविली, चांदणे असते म्हणून. ते हसून लोळायचेच बाकी राहिले. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर चालते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असते, ओढ जोरात असते, तेव्हा सगळे पुरुष समुद्रात आणि बायका धक्क्यावर. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंद असते, तेव्हा जाळी दुरुस्त करायला माणूस घरी सापडतो. "सभा घ्यायची तर भांगात घ्या," ते म्हणाले, "उधाणात देवसुद्धा आम्हांला बोलवीत नाही." भरतीची वेळ काढायची त्यांची रीतही त्यांनी सांगितली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, या वेळेच्या आसपास पूर्ण भरती. दहावी नापास झालेल्या आमच्या एका कार्यकर्त्याला हे गणित चट्‌कन जमले, आणि बी. कॉम. झालेल्याला जमले नाही. पुढे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा हवी तितकी सभा घ्या. पण त्या दोन महिन्यांत अर्नाळा किल्ल्यावरच्या माणसाला सभेला बोलावलेत तर आधी होडीची चौकशी करा. त्याला यायचे तर असतेच, पण परतही जायचे असते. सभा सुरू होण्याची वेळ सगळे छापतात. संपण्याची कोण छापतो?

सणांचे आम्ही थोडक्यात सांगतो. गणपती, दिवाळी, नाताळ कोणी विसरत नाही. विसर पडतो तो सरकत्या दिवसांचा. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो, तेव्हा गेल्या वर्षीची तारीख यंदा चालत नाही. आणि रमजानात संध्याकाळची सभा ठेवून वर 'अल्पोपाहाराची व्यवस्था आहे' असे लिहिणारे पत्रक आम्ही पाहिले आहे. ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, निर्मळची जत्रा, पितृपक्ष, मुलांच्या परीक्षा, हे सगळे एका भिंतीवरच्या पंचांगात सापडते. बघण्याचे कष्ट घ्यावे लागतात इतकेच.

पंचांगात सापडत नाही ते सांगतो. आपल्या तालुक्याच्या पूर्वेला आणि जिल्ह्यात आदिवासी पाड्यांतली शेकडो कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको आणि पोरे पाऊस पडेपर्यंत भट्टीवर राहतात. पाड्याला कुलूपही नसते, कारण आत ठेवण्यासारखे काही नसते. आता ग्रामसभा पाहा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आपल्याकडे पडला. राष्ट्रीय दिवस आहेत, झेंडावंदनाला लोक जमतातच, तेव्हा कल्पना वाईट नव्हे. पण चारांपैकी दोन तारखांना भट्टीवाला गावात नसतो. घरकुलाची यादी वाचली जाते, हरकती आहेत का विचारले जाते, आणि ज्याला खरोखर घर नाही तोच हरकत घ्यायला हजर नसतो. त्यांतली एक तारीख १ मे, आमचा कामगार दिन! लाल झेंडा आम्ही त्या दिवशी मोठ्या अभिमानाने लावतो. जिल्ह्यातला सर्वांत गरीब कामगार त्या दिवशी कोठे होता, हे आम्हांला झेंडा लावायला लागून दहा वर्षे झाल्यावर सुचले.

याच भागात, ठाणे जिल्हा अखंड असताना, दुसऱ्यांनी हे बरोबर केले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांची परिषद तलासरीजवळ झरी येथे घेतली ती २३ मे १९४५ रोजी. मे महिन्याची अखेर, पाऊस अजून यायचा आहे, लावणीची वेठ सुरू व्हायची आहे. पाच हजार माणसे डोंगरातून चालत आली. महिनाभराने बोलावले असते तर ती सावकाराच्या शेतात चिखलात उभी असती. आणि पुढे त्याच साली गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला तो पावसाळा सरून गवत तयार झाल्यावर. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही त्यांची मागणी होती. गवत उभे असतानाच त्या मागणीला वजन होते. परिषदेची तारीख कामकऱ्याच्या सवडीने, आणि संपाची तारीख मालकाच्या अडचणीने, हा धडा आम्ही एरवी तरुण कार्यकर्त्यांनाच सांगतो. आज तुम्हांलाही सांगून टाकला.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्याशी हे बोललो की ते म्हणतात, "अशा रीतीने सगळ्यांना विचारत बसलात तर सभेला मुहूर्तच लागायचा नाही. कोणती ना कोणती अडचण कोणाला असणारच." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. सगळ्यांना सोयीचा दिवस असा नसतोच. आम्ही तो शोधण्याचे केव्हाच सोडून दिले. आम्ही एवढेच पाहतो की गैरसोय प्रत्येक वेळी त्याच माणसांच्या वाट्याला येऊ नये. गेल्या वेळी रात्रपाळीवाल्यांनी झोपमोड करून घेतली, तर या वेळी दिवसपाळीवाल्यांनी थांबावे. गेल्या वेळी पूर्वेला सभा झाली, तर या वेळी पश्चिमेला. पंगतीत जसा वाढणारा दर वेळी एकाच टोकापासून वाढू लागला तर दुसऱ्या टोकाला नेहमी गार भात मिळतो, तसे हे आहे. पाळी बदलली की गैरसोय लोक आनंदाने सोसतात. आपली पुढच्या वेळी सोय पाहिली जाईल हे ठाऊक असते ना!

आणि सभेपूर्वी विचारायला काही फार लागत नाही. आमच्या त्या कारखान्यात आम्ही नंतर प्रत्येक खात्यातून एक माणूस ठरविला. तारीख पक्की करण्यापूर्वी त्याला दोनच प्रश्न: या दिवशी तुमच्या खात्यातले कोण येऊ शकणार नाही, आणि का? 'कोण येईल' असे आम्ही विचारीत नाही. त्याचे उत्तर नेहमी 'सगळे येतील' असेच येते, भिडेखातर. संपासारखा विषय असेल तर एकाच सभेत हात वर करून ठराव करीत नाही. दोन पाळ्यांच्या दोन सभा, विषय तोच, आणि चिठ्ठीची पेटी तीन दिवस उघडी. पगाराच्या दिवशी सभा नाही, कारण त्या दिवशी प्रत्येकाला वाणी गाठायचा असतो. बायकांच्या खात्याला विचारले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "दादा, वेळ कुठलीही ठेवा, पण सांगितलेल्या वेळेला संपवा. तुम्ही 'दोन शब्द बोलतो' म्हणता आणि आमचा नळ जातो." त्या दिवसापासून आमच्या नोटिशीवर संपण्याची वेळ मोठ्या अक्षरांत असते, आणि अध्यक्षाच्या हातात घंटी असते. आमचे स्वतःचे भाषण त्या घंटीने चार वेळा तोडले आहे.

तुम्ही म्हणाल, हे सगळे युनियनचे झाले, आम्हां गृहस्थांचा काय संबंध? तर तुमच्या इमारतीच्या सोसायटीची नोटीस आठवा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, ती दिली जाते. फलकावर, जिन्याखाली, जेथे सायकली ठेवतात तेथे. ३० सप्टेंबरपर्यंत सभा घेतलीच पाहिजे, तेव्हा ती गणपती आणि नवरात्र यांच्यामध्ये कोठेतरी कोंबली जाते. आणि खाली ती ओळ असते, महाराष्ट्रातल्या प्रत्येक सभासदाला पाठ असलेली: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व तीस गणसंख्येचे बंधन राहणार नाही. काम अडून राहू नये म्हणून कायद्याने ही सोय ठेवली, आणि ती आवश्यक आहे. पण आम्ही अशा कमिट्या पाहिल्या आहेत की ज्या सभेला निघतानाच अर्धा तास उशिरा निघतात! रविवारी सकाळी नऊला सभा, नऊला कोणी नाही, साडेनऊला सात जण, आणि सात जणांनी दोनशे घरांच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर केलेला. पुढे वर्षभर जिन्यात भांडणे. भांडणारे म्हणतात आम्हांला विचारले नाही, कमिटी म्हणते नोटीस लावली होती. आम्ही फाटकावर म्हटले होते तेच.

शेवटी एका सभेची हकीकत सांगतो, कारण ती वहीतल्या फसलेल्या सभांत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी भट्टीवरच्या काही कुटुंबांच्या उचलीच्या हिशोबाचा प्रश्न आमच्याकडे आला. किती विटा पाडल्या, किती कापले, काहीच लिहिलेले नव्हते. आम्ही निरोप पाठविला, संध्याकाळी सहाला भट्टीजवळच्या आंब्याखाली जमा. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारचा निरोप पाठविला, तेव्हाही नाही. मग एका बाईने निरोपाच्या माणसाजवळ उलट निरोप दिला की उन्हामुळे आम्ही विटा रात्री पाडतो, दिवसा निजतो. तुम्हांला यायचे तर रात्री एकला या, तेव्हा आम्ही जागे असतो.

आम्ही दोघे गेलो. माघ महिना होता, गारवा होता. दिव्याच्या उजेडात पंधरा-सोळा माणसे साच्यात माती भरत होती, पोरे पोत्यावर झोपली होती. कामाचे हात थांबवून चालणार नव्हते, म्हणून तेही थांबले नाहीत आणि आम्हीही थांबविले नाहीत. आम्ही चिखलाच्या कडेला बसून विचारीत होतो आणि ते साचा उलटताना उत्तरे देत होते. प्रत्येक जोडप्याच्या रोजच्या विटांचा आकडा कोणी लिहायचा हे त्या रात्री ठरले. पाचवीपर्यंत शिकलेली एक पोर होती, तिच्या हाती वही दिली. सभा वीस मिनिटे चालली. हजर सगळे होते.

अध्यक्षमहाराज, आमच्या समोरच्या घड्याळात सात वाजून पंचवीस मिनिटे झाली आहेत आणि कार्डावर साडेसात लिहिले आहे. ज्यांना नायगावच्या बाजूला जायचे आहे त्यांनी आमच्या भाषणासाठी बस चुकवू नये. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्यासाठी आम्ही बाहेर पायरीवर थांबतो. आणि जे आज गाडीत आहेत म्हणून येथे नाहीत, ते तुमच्या घरचे, शेजारचे असतील, तर त्यांना आमचा एक निरोप द्या: हेच बोलणे आम्ही पुन्हा एकदा करू, वार आणि वेळ त्यांनी कळवावी.